पाइपावरची टकटक

माझ्या सासूबाई हिल्का वर्षाला साधारण चार वाक्यं बोलतात. गेल्या वर्षातलं तिसरं सप्टेंबरात माझ्या वाट्याला आलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या खाली अंगणातल्या बाकाकडे बघत होत्या. हातात कॉफीचा कप होता. मान न वळवता त्या म्हणाल्या, "मिर्का, त्या तौनोंना तू कधी काही विचारतेस का?"

"रोज विचारते," मी म्हटलं. "आता मी काय करू, हेच तर विचारते."

हिल्कांनी कॉफीचा घोट घेतला. चौथं वाक्य त्यांनी नाताळसाठी राखून ठेवलं असावं. मी हसले आणि विषय तिथंच संपवला.

विषय संपवण्याचं कारण म्हणजे मला माझ्या नजरेचा गर्व होता. हामेनलिन्ना शहरातली खेळाची मैदानं तपासणं हा माझा व्यवसाय. झोपाळ्याचा ढिला स्क्रू मला दहा मीटरवरून दिसतो. घसरगुंडीच्या सांध्यात पोराचं बोट अडकेल की नाही, हे मी मोजपट्टी न काढता सांगते. ओइवा झाल्यापासून तर विचारूच नका. त्याच्या बाबागाडीत दोन थर्मामीटर आहेत. एक तापमान दाखवायला आणि दुसरा, पहिला खोटं बोलत नाही ना हे बघायला. तो झोपला की तासाभरात अकरा वेळा मी त्याच्या नाकापुढे बोट धरते. अशा बाईच्या डोळ्यांदेखत काही बिघडेल, ही शंकाच मला अपमानाची वाटली.

मी मूळची कुओपिओची. आमच्याकडे बसथांब्यावर अनोळखी माणूस आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिगत सुरू करतो आणि दुसरा त्याला आपली सांगतो. लग्न होऊन इथे आले, तर बाहेर पडण्याआधी लोक दाराच्या भिंगातून बघतात. जिन्यात कुणी असेल तर ते जाईपर्यंत आत कोट घालून उभे राहतात. पाच वर्षांत मीही तशी उभी राहायला शिकले. तोंड मात्र कुओपिओचंच राहिलं. नवऱ्याशी, म्हणजे यार्कोशी, बोलावं तर तो हिल्कांचाच मुलगा.

म्हणून तौनो. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. वय त्र्याऐंशी, लाकूड गिरणीतून निवृत्त झालेले. बायको औने दोन वर्षांपूर्वी गेली. रोज अकरा वाजता ते कॉफीचा थर्मास आणि दोन टोस्ट घेऊन खाली यायचे आणि गालिचे बडवायच्या लोखंडी चौकटीशेजारच्या बाकावर बसायचे. इकडे तान्ह्या बाळांना कडाक्याच्या थंडीतही बाहेर बाबागाडीत झोपवतात, आणि ओइवाची ती वेळही अकराचीच. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बसू का इथे?" ते वीतभर डावीकडे सरकले. आमच्या इमारतीत याला दत्तक घेणं म्हणतात.

त्या दिवशी ते बोललेसुद्धा. थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले, "मुलगी मला वृद्धाश्रमात न्यायचं म्हणतेय. मला घर सोडायचं नाही." आणि त्यांनी श्वास घेतला.

तो श्वास स्वल्पविराम होता, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी त्याला पूर्णविराम धरलं. मुली या विषयावर माझं जे मत होतं ते सांगितलं. तिथून सासवा, तिथून बाळाचे दात, तिथून यार्को. ओइवा जागा झाला तेव्हा पाऊण तास उलटला होता आणि मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. तौनोंचा टोस्ट तसाच हातात होता.

पुढचे पाच महिने मी रोज त्या बाकावर मोठ्यानं विचार केला. विचार एकच होता, फक्त त्याला पाय शंभर फुटले होते. मार्चपासून मी कामावर जायचं आणि यार्कोनं रजा घेऊन ओइवाला सांभाळायचं, असं ठरत होतं.

"पण तो बोलतच नाही हो," मी तौनोंना सांगायची. "दिवसभर बापलेक एकमेकांकडे बघत बसतील. पोरगं शाळेत जाईल तेव्हा नुसती मान हलवेल. मग बाई मला बोलावतील. मी काय सांगू? बापावर गेलाय?"

तौनो ऐकायचे. असं ऐकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मध्ये 'हं' नाही की 'खरंय' नाही, आणि 'माझ्या पुतणीचं असंच झालं' हे तर मुळीच नाही. हळूहळू मला त्यांची भाषाही कळू लागली, म्हणजे मी तसं ठरवलं. त्यांनी टोस्ट कॉफीत बुडवला की होकार. टोपी कानावर ओढली की नकार. कधीकधी ते कोटाच्या उजव्या खिशात हात घालायचे आणि तोंड किंचित उघडायचे. त्याचा अर्थ मी 'गहन विचार' असा लावला होता.

"एक मिनिट, एवढं संपवू दे," मी म्हणायची.

ते तोंड मिटायचे. हात रिकामाच बाहेर यायचा.

खिशात सारखा हात जातोय म्हणजे बोटं गारठत असणार, हे माझ्या तरबेज नजरेनं नोव्हेंबरात टिपलं. मी त्यांना जाड लोकरीचे हातमोजे विणून दिले. त्यांनी ते घातले, खिशाकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. त्यानंतर हात खिशात जाणं बंद झालं. किती बरं वाटलं मला!

फेब्रुवारीतला मंगळवार. बाहेर उणे चौदा. सकाळी साडेदहाच्या सुमाराला हीटरच्या पाइपातून आवाज आला. टक. टक. टक.

पाइप वाजवण्याचा आमच्या जिन्यात एकच अर्थ आहे: आवाज बंद करा. नेमका तेव्हा ओइवा डावानं पातेलं बडवत होता. मी झडप घालून डाव काढून घेतला. त्यानं भोकाड पसरलं. मी त्याच्या तोंडात बिस्किट दिलं.

यार्को दुपारपाळीला निघायच्या आधी बूट घालत होता. "तौनो वाजवताहेत," तो म्हणाला.

"ऐकू येतंय मला."

त्यानं एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या. "तौनो वाजवणाऱ्यातले नाहीत."

सकाळच्या अकराच्या आत दोन वाक्यं. दुसरी कुठली बायको असती तर तिनं कॅलेंडरवर खूण केली असती. मी काय केलं? ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "श्श. अजून चिडतील."

यार्को मांजराच्या पावलांनी जिना उतरला.

टकटक थांबेना. मग साऱ्या इमारतीनं शहाण्या माणसासारखं वागायला घेतलं. वरच्या मजल्यावरच्या सिर्काबाईंचा रेडिओ त्यांच्या नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदाच बंद झाला. कुणाचं तरी कपड्यांचं मशीन अर्ध्या धुण्यात थांबलं. तळमजल्यावरच्या कुत्र्याला थंडीत बाहेर नेऊन बांधलं. मी लोकरीचे मोजे दोन-दोन चढवले आणि ओइवाला चटईवरून हलू दिलं नाही. तरी टकटक चालूच. जितके आम्ही गप्प होत गेलो, तितकी ती स्पष्ट ऐकू यायला लागली. आणि जितकी स्पष्ट ऐकू आली, तितके आम्ही आणखी शरमलो.

अकराला बाक रिकामा होता. मला अंदाज होताच. रागावलेत. पाच महिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एका पातेल्यावरून तोंड फिरवलं. मी इतकी दुखावले की एकटीच बाकावर बसले आणि गालिच्यांच्या चौकटीला सगळी कैफियत ऐकवली. तिनं तौनोंइतकंच नीट ऐकलं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

बुधवारी सकाळी जिन्यातल्या फलकावर कागद लागला. नाव नाही, पण अक्षर सिर्काबाईंचं.

'शेजाऱ्यांना पाइप वाजवून सांगायची वेळ आणू नये. शांतता पाळावी. एक रहिवासी.'

त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सहमत.' त्याखाली तिसऱ्यानं, 'कृपया या कागदावर लिहू नये.'

एव्हाना टकटक विरळ झाली होती. मध्येच एखादी. मला वाटलं, राग उतरतोय. माफी मागायची हीच वेळ. मी वेलची घालून गोड पाव भाजले आणि दोन वाजता ओइवाला छातीशी बांधून तौनोंच्या दाराशी गेले.

बेल एकदा वाजवली. दोनदा वाजवणं म्हणजे आरडाओरडा. दार उघडलं नाही. अर्थातच नाही. आत भिंगाला डोळा लावून मी जायची वाट बघत असणार. मीही तेच केलं असतं. पण माफी तर पोचवायची होती. मी पायरीवर बसले, दारातली टपालाची फट बोटानं वर उचलली आणि तोंड तिथं नेलं. आत अंधार. या जुन्या घरांना एकामागे एक अशी दोन दारं असतात, आतलंही लावलेलं होतं.

"तौनो, मी मिर्का. तुम्ही चिडलात, कळलं मला."

टक.

"बरोबर आहे तुमचं. डाव मी कपाटावर ठेवलाय, त्याचा हात पोचणार नाही."

टक. टक.

"म्हणजे राग गेला?"

टक.

इतका स्पष्ट संवाद आमच्यात पाच महिन्यांत झाला नव्हता. मला भरून आलं. मग मी ठरवलं, आज विचारूनच टाकावं. हिल्कांना तरी सांगता येईल, की हो, विचारते मी.

"तौनो, सरळ सांगा. जाऊ का मी कामावर? सोपवू ओइवाला यार्कोकडे?"

टक. टक. टक.

"तीनदा म्हणजे नक्कीच. पण तो बोलत नाही त्याचं काय?"

बराच वेळ काही नाही. मग अगदी हलकं, टक.

"तेही खरंय," मी म्हटलं. "न बोलणारी माणसं वाईट नसतात. तुम्हीच बघा ना." आणि मी त्यांना त्यांच्याबद्दल सांगू लागले. ते किती छान ऐकतात, औनेबाई किती भाग्यवान होत्या, माझ्या वडिलांनी असं एकदा जरी ऐकलं असतं तर, वगैरे. वडिलांचा विषय निघाला म्हणजे माझी वीस मिनिटं जातात.

वरून सिर्काबाई मोज्यांवरच उतरल्या. कठड्यावरून वाकून कुजबुजल्या, "आता पुरे करा हो. कालपासून वाजवताहेत बिचारे."

"मी माफीच मागतेय."

"मग हळू मागा."

त्या वर गेल्या. मी हळू मागू लागले. हळू बोलल्यानं घसा सुकतो, बोलण्यानं भूक लागते आणि पाव मांडीवरच होता. मी एक मोठा घास घेतला. पाव ताजा होता, टाळूला चिकटला. तौनोंच्या सहवासात मी पहिल्यांदा गप्प बसले.

फटीतून आवाज आला. खोल विहिरीतून आल्यासारखा.

"मिर्का."

मी मान डोलावली. दारापुढे.

"झालं का तुझं बोलून?"

तोंड भरलेलं होतं.

"झालं असेल तर," तौनो म्हणाले, "मी पडलोय, पोरी. कालपासून."

मी फोन केला. इमारतीच्या देखभालीचा माणूस किल्ली घेऊन पंचवीस मिनिटांनी आला. ती पंचवीस मिनिटं मी फटीशी बसून होते, आणि एक शब्द सुचला नाही.

तौनो आतल्या दालनात पाइपाला टेकून जमिनीवर पडले होते. मंगळवारी सकाळी बाकावर यायच्या तयारीत असताना पडले होते. अंगात कोट, एका पायात बूट, अंगावर ओढून घेतलेला पायपुसण्याचा गालिचा. हातात बूट चढवायचा तो लांब धातूचा चमचा, त्याचं टोक वाजवून वाजवून वाकलेलं. शेजारी थर्मास, रिकामा. टोस्ट संपलेले. दोन्ही हातांत माझे हातमोजे.

स्ट्रेचरवर घेतल्यावर त्यांनी दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. खिशात हात घातला. आणि या वेळी तो रिकामा बाहेर आला नाही. एक किल्ली होती, तिला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर नाव लिहिलं होतं: 'मिर्का, वरचा मजला'. खिशात फिरून फिरून शाई पुसट झाली होती.

"मुलगी म्हणाली होती," ते एकेक शब्द उचलत म्हणाले, "कुणाकडे किल्ली देऊन ठेवा. रोज कुणी बघणारं असेल तर घरात राहा. सप्टेंबरपासून द्यायची होती."

"मग द्यायची ना, तौनो! मला मध्येच तोडायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कुणाच्या घरात शिरून चमचे चोरायला सांगितलं होतं.

"तू बोलत होतीस," ते म्हणाले.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी नाही म्हटलं. मग त्यानं विचारलं, "शेवटचं कधी बोललात त्यांच्याशी?" यावर काय सांगायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. पण तीस तास दबून राहिलेला पाय पुन्हा भार घेईना. पहिल्या दोन-चार तासांत आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवलं. मुलगी औलूहून आली. तीन दिवसांत घर रिकामं केलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"बाबा म्हणाले होते, वरची शेजारीण किल्ली घेईल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

तिनं हात पुढे केला. "ती आता परत लागेल."

मी दिली. पुठ्ठ्याचा तुकडा मात्र दोरा तोडून ठेवून घेतला.

फलकावरचा कागद अजून आहे. सिर्काबाईंचा रेडिओ पुन्हा सुरू झालाय, पण बारीक. परवा जिन्यात त्या म्हणाल्या, "आम्हाला काय कल्पना?" मी म्हटलं, "नाही ना." मग आम्ही दोघी आपापल्या दाराआड गेलो आणि भिंगातून रिकामा जिना बघत राहिलो. यार्कोनं त्या दिवसाबद्दल काही म्हटलं नाही. त्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं वेळेवर म्हटलं होतं. हिल्कांनीही नाही. आल्या, कॉफी घेतली, खिडकीतून बाकाकडे पाहिलं आणि कप विसळून गेल्या. मार्चपासून मी कामावर जाते. ओइवा दिवसभर बापाबरोबर असतो, आणि दोघांचं उत्तम चाललंय. संध्याकाळी मी घरात शिरले की दोघं दचकतात.

दर गुरुवारी मी तौनोंना भेटायला वृद्धाश्रमात जाते. जाताना खिशात टोस्ट नेते आणि तिथे पोचले की तोंडात कोंबते. तोंड भरलेलं असलं की तौनो बोलतात. सावकाश, मध्ये लांबलचक थांबत. आतापर्यंत मला तीन गोष्टी कळल्या आहेत. त्यांना वेलची आवडत नाही. बाकावर ऊन पडायचं ती जागा औनेची होती; तिथे मी बसू नये म्हणून ते पहिल्या दिवशी डावीकडे, त्या जागेवर, सरकले होते. आणि हातमोजे उबदार होते, पण ते घातले की हात खिशात जात नव्हता.

"काढायचे ना मग," मी टोस्ट गिळून म्हटलं.

"तू विणले होतेस."

तेव्हा आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या जिन्यात, गल्लीत, कुठेही, एक माणूस असेल जो तुमचं फार छान ऐकून घेतो. हे वाचून झालं की उठा आणि त्याच्याकडे जा. बेल खुशाल दोनदा वाजवा. कसे आहात, विचारा, आणि मग तोंड मिटून मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मला अजून दहा जमत नाही. गेल्या गुरुवारी मी सातपर्यंत पोचले होते. तौनोंनी तोंड किंचित उघडलं होतं, आणि मी म्हटलं, "थांबा, उशी नीट करते." त्यांनी तोंड मिटलं. काय सांगायचं होतं, पुढच्या गुरुवारपर्यंत कळणार नाही. तुम्ही मात्र आजच जा.